चाळिशी कोणाला लाभते?

मराठी भाषेत ‘चाळिशी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वयाचा आणि दुसरा चष्म्याचा. चाळीस वर्षे उलटली की जवळचे अक्षर दिसेनासे होते, डोळ्यांवर भिंग चढवावे लागते, आणि लोकांनी त्या भिंगालाच वयाचे नाव देऊन टाकले. हे वय कसे असते, हे पुष्कळ ग्रंथांपेक्षा या एका शब्दाने अधिक सांगितले आहे. पायाखालचे धूसर होऊ लागते आणि दूरचे, म्हणजे आयुष्याचे दुसरे टोक, प्रथमच स्पष्ट दिसू लागते. मुले मोठी झालेली असतात, आईबाप थकलेले असतात, हातातले काम पाठ झालेले असते, आणि माणूस स्वतःला विचारू लागतो की आता पुढे काय?

या प्रश्नाचा विचार आम्हांला इतिहासाच्या बाजूने करावयाचा आहे. मानसशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले ते संघटनेच्या कचेरीत आणि लोकलच्या डब्यात. परंतु तीस वर्षे कामगारांत वावरल्यामुळे चाळिशीतली माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत, आणि एक गोष्ट मनाशी पक्की झाली आहे. मध्यमवयात नवी दिशा सापडणे ही एकट्या माणसाच्या मनाची करामत नसते. त्यासाठी मोकळा वेळ लागतो, पोटाची निश्चिती लागते आणि सोबत लागते. या तीन गोष्टी कोणाला केव्हा मिळाल्या आणि कोणाच्या हातून केव्हा गेल्या, हा इतिहासाचा भाग आहे.

आपल्या जुन्या शास्त्रकारांना हा प्रश्न ठाऊक होता. मनुस्मृतीने वानप्रस्थाची वेळ वर्षांनी मोजलेली नाही. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि नातवाचे तोंड पाहिले की गृहस्थाने अरण्याचा आश्रय करावा, असे तिचे सांगणे आहे. कल्पना सुंदर आहे. कर्तेपण पुढच्या पिढीच्या हाती देऊन माणसाने मोकळे व्हावे, हे आजही पटण्यासारखे आहे. परंतु हा मार्ग द्विजांसाठी सांगितलेला होता. स्त्रीने पतीबरोबर जावे अथवा मुलांपाशी राहावे. तिला स्वतंत्र वाट नव्हती. आणि जो शेतात राबत होता, मोट हाकत होता, कातडे कमावीत होता, त्याच्या पांढऱ्या केसांचा विचार कोणी केला नव्हता. तो मरेपर्यंत राबणार, हे गृहीतच होते.

पश्चिमेकडे या वयाला शास्त्रीय नाव मिळाले ते १९६५ साली. कॅनडात जन्मलेले आणि इंग्लंडात काम करणारे मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी मध्यायुष्यातील पेचप्रसंगावर एक निबंध लिहिला. पस्तिशीच्या आसपास माणसाला प्रथमच मनोमन कळते की मृत्यू इतरांनाच येतो असे नाही, तो आपल्यालाही येणार आहे. आणि त्या जाणिवेनंतर त्याच्या निर्मितीचा पोत बदलतो, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यांनी आधार घेतला तो प्रामुख्याने कवी, चित्रकार आणि संगीतकार यांच्या चरित्रांचा. मौज अशी की कारखाना जॅक्स यांना अपरिचित नव्हता. लंडनच्या ग्लेशियर मेटल कंपनीतील मालक-कामगार संबंधांचा अभ्यास करून १९५१ साली त्यांनी ग्रंथ लिहिला होता. तरीही मध्यायुष्याचा विचार करताना दान्ते आठवला, खरादी आठवला नाही. शास्त्रकारांचे अरण्य आणि मनोविश्लेषकाचा निबंध यांत दोन हजार वर्षांचे अंतर असेल. पण राबणारा माणूस दोहोंच्या बाहेरच राहिला.

तो बाहेर का राहिला, याचे साधे कारण असे की त्याला मध्यमवय फारसे लाभतच नव्हते. १९११ ते १९२१ या दशकात, म्हणजे प्लेग आणि इन्फ्लुएंझाच्या काळात, हिंदुस्थानातील जन्मवेळचे सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होते. १९५१ च्या सुमारास ते बत्तिसाच्या घरात आले. आज ते सत्तरीजवळ पोहोचले आहे. या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्या काळी सगळेच विशीत मरत असत असे नव्हे. बालमृत्यू अतोनात असल्यामुळे सरासरी खाली ओढली जात असे. तथापि जो जगला त्यालाही पटकी, प्लेग आणि क्षय सोडत नव्हते. चाळिशी ओलांडून आणखी तीस वर्षे पुढे आहेत असा हिशेब सामान्य माणसाने करावा, ही गोष्ट आपल्या देशात फार जुनी नाही.

दुसरे कारण कामाचे तास. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली आणि पाहता पाहता परळ-लालबागच्या आभाळात धुराडी उभी राहिली. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा सूर्यास्ताची मर्यादाही गेली आणि काही गिरण्या चौदा-चौदा तास चालू लागल्या. चाळीपासून गिरणीपर्यंतची पायपीट धरली तर त्या माणसाजवळ झोपेपुरतेही तास उरत नव्हते. आपण कोण, पुढे काय करावयाचे, हा प्रश्न पडण्यासाठी माणूस निदान जागा आणि मोकळा असावा लागतो.

नारायण मेघाजी लोखंड्यांचे मोठेपण येथे आहे. १८४८ साली ठाण्यास जन्मलेला हा मनुष्य काही काळ रेल्वेच्या टपालखात्यात आणि पुढे मांडवीच्या गिरणीत कोठाराच्या कामावर होता. बेताची का होईना, पण ती स्थिर नोकरी होती. १८८० साली त्यांनी ‘दीनबंधु’ पत्राची जबाबदारी घेतली आणि आयुष्याची दिशा बदलली. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या कोणत्या होत्या? आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार वेळेवर आणि अपघातात जखमी झालेल्यास भरपाई. या यादीत वेळेच्या मागण्या आधी आहेत. एप्रिल १८९० मधील सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि तेथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

लोखंडे त्या वेळी बेचाळीस वर्षांचे होते. स्वतःच्या चाळिशीत त्यांनी हजारो लोकांना आठवड्याचा एक दिवस मिळवून दिला, यापेक्षा चाळिशीचा अधिक चांगला उपयोग आम्हांला सुचत नाही. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना ते त्याच रोगाने गेले. पन्नाशीचे सुख त्यांना लाभले नाही; त्यांनी मिळविलेला रविवार मात्र राहिला.

पुढचा टप्पा नारायण मल्हार जोशी यांचा. ना. म. जोशी १८७९ साली कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावी जन्मले. आधी ते शिक्षक होते. तिसाव्या वर्षी, १९०९ साली, ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. लीगने कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा काढल्या, वाचनालये उघडली. परंतु दिवसभर बारा तास उभा राहिलेला माणूस रात्री पाटीवर डोळे लावून बसेल कसा? नुसती शाळा उघडून भागत नाही, शाळेत यावयास वेळ उरला पाहिजे, हे उमगले की शिक्षणाचा माणूस तासांच्या प्रश्नाकडे वळल्यावाचून राहत नाही. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. तेथे हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी गेले, तेव्हा त्यांचे वय चाळीस होते. परिषदेने जगासाठी आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ठरविला. हिंदुस्थानापुरता मात्र साठ तासांचा आठवडा मान्य झाला. पुढल्याच वर्षी, १९२० साली, अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली आणि जोशी तिच्या संस्थापकांत होते.

कायद्यांची पायरी पाहा. १९११ साली कापड गिरण्यांतील पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा आली. १९२२ साली दिवसाला ११ आणि आठवड्याला ६०. १९३४ साली दिवसाला १० आणि आठवड्याला ५४. १९४६ साली दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८. आणि तीच मर्यादा स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात कायम झाली. रुक्ष वाटणारी ही आकडेवारी आम्हांला एखाद्या चरित्रासारखी वाचता येते. प्रत्येक पायरीवर कोणाच्या तरी हाती दिवसाचा एक तास आला. त्या तासात कोणी बाराखडी गिरवली, कोणी भजनी मंडळात मृदंग धरला, कोणी कामगार रंगभूमीवर तोंडाला रंग लावला, कोणी पतपेढीचे हिशेब लिहिले. नारायण सुर्वे यांना गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढविले; त्यांनी स्वतः गिरणीत काम केले, शिपायाची नोकरी केली, पुढे शिक्षक झाले, आणि १९६२ साली, पस्तीस वर्षांचे असताना, त्यांचा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. अशी प्रतिभा शेकडोंत एखाद्याचीच, हे खरे. पण तिला फुटावयास जी जमीन लागली, ती अनेकांनी मिळून नांगरली होती.

आता थोडे मध्यमवर्गाकडे वळू. कारण तेथे जी दोन उदाहरणे आहेत ती कामगारांनाही मार्गदर्शक आहेत. रमाबाई रानड्यांचा जन्म १८६२ चा. अकराव्या वर्षी लग्न झाले आणि अक्षरओळख सासरी झाली. १९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती गेले तेव्हा त्यांना एकोणचाळिसावे वर्ष संपत होते. त्या काळच्या समजुतीप्रमाणे विधवेचे आयुष्य तेथेच संपावयाचे. रमाबाईंनी शोकाचा काळ काढला, आणि मग हळूहळू बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्रियांकडे जाऊ लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि त्यात प्रौढ स्त्रियांना शिक्षण मिळू लागले, परिचारिका तयार होऊ लागल्या. १९१० साली त्यांनी आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या.

दुसरे उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचे. १८५८ चा जन्म. अडतिसाव्या वर्षी, १८९६ साली, अनाथ बालिकाश्रम. अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९१६ साली, महिला विद्यापीठ. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ. एकशे चार वर्षे जगलेल्या माणसाच्या हिशेबाने अठ्ठावन्न हे मध्यमवयच म्हणावयाचे! विद्यापीठाची कल्पना त्यांना कोठून मिळाली? जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती आणि १९१५ च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुष्कळजण एवढेच सांगून थांबतात, जणू काही पुस्तिका वाचली आणि साक्षात्कार झाला. परंतु मागे जाऊन पाहिले तर १८८६ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, याच माणसाने आपल्या गावासाठी ‘मुरूड फंड’ काढून लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा केलेले दिसतात. लोकांच्या दारी जाणे, लहान रक्कम न लाजता स्वीकारणे, हिशेब चोख ठेवणे ही कला त्यांनी तरुणपणी शिकून ठेवली होती.

या दोन चरित्रांतून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली अशी की मध्यमवयातील दिशा आभाळातून पडत नाही. आधी पेरलेल्या बियाण्याला उशिरा कोंब फुटतो. दुसरी अशी की हा कोंब संस्थेच्या आळ्यात वाढतो. रमाबाईंना सेवासदन मिळाले, सेवासदनाला रमाबाई मिळाल्या. एकटा माणूस आरशासमोर बसून नवा झाला, असे उदाहरण आम्हांला इतिहासात सापडले नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यामागील दृष्टीही आम्ही अशीच समजतो. शाळेचे वय उलटून गेलेल्यांची ती शाळा आहे.

यानंतर जी हकीकत सांगावयाची ती कडू आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांचा प्रश्न, आणि आपली संघटना आपण निवडण्याचा हक्क, अशी त्यामागची कारणे होती. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. लाखाहून अधिक लोक कामावर परत जाऊ शकले नाहीत. आम्ही त्या वेळी शाळेच्या वयाचे होतो; पण पुढे संघटनेत आल्यावर त्या पिढीची माणसे आम्हांला भेटली. त्यांतील कितीतरी जण तेव्हा ऐन चाळिशीत होते. वीस वर्षे साचा चालविलेला माणूस रखवालदार झाला, कोणी वडापावची गाडी लावली, कोणी भाजी विकली, कोणी रत्नागिरीची अथवा साताऱ्याची एस.टी. धरली. त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले, यात शंका नाही. पण वळण लागणे आणि ढकलले जाणे यांत फरक आहे. गिरण्यांच्या जमिनीवर टोलेजंग इमारती झाल्या. गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघाली ती जून २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी. चाळिशीत गेलेली गोष्ट सत्तरीत, आणि तीही काहींनाच, परत मिळाली.

याच गिरणगावात एक वेगळे उदाहरणही घडले. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका पिढ्यानपिढ्या वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले होते. त्याचा लाभ घेऊन या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. चुलीपुढे निम्मे आयुष्य काढलेल्या स्त्रिया बँकेच्या खिडकीपाशी उभ्या राहून सही करू लागल्या. स्वयंपाक तोच, हात तेच. बदलले ते एवढेच की सोबत मिळाली आणि गळ्याभोवतीचे व्याज सुटले. तेवढ्याने त्या वयातही माणूस उभा राहतो.

आमच्या स्वतःच्या अनुभवातही हेच आले. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या भागातील बंद पडलेल्या कारखान्यांत हिशेबाची बोलणी करण्याचे काम आमच्याकडे आले. कागदावर त्याचे नाव ‘स्वेच्छानिवृत्ती’ असते. त्यात स्वेच्छा किती, हे सही करणाऱ्याला विचारावे. चाळीस ते पन्नास या वयातील माणसे धनादेश हाती घेऊन दरवाजाबाहेर पडतात. पुढल्या वर्ष-दोन वर्षांत आम्ही त्यांना भेटतो तेव्हा एक फरक डोळ्यांत भरतो. जो कारखान्यात असतानाच पतपेढीचा चिटणीस होता, वस्तीतल्या शाळेच्या समितीवर होता, भजनी मंडळाचा कारभार पाहत होता, तो लवकर सावरतो. ज्याचे सारे आयुष्य यंत्र आणि जादा पाळी यांतच गेले, तो पैसे असूनही खचतो. पहिल्याचा स्वभाव चांगला आणि दुसऱ्याचा दुबळा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दुसऱ्याला जादा पाळी करावीच लागत होती. घराचा हप्ता होता, मुलीची फी होती. त्याच्याजवळ पेरणीला वेळच नव्हता.

म्हणून चाळिशीतल्या माणसाला ‘मन घट्ट करा, नवे काही शिका’ असा उपदेश करणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की उपदेश बरोबर आहे, पण अर्धा आहे. शिकावयाचे केव्हा, हेही सांगितले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्याच्या बदलास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा राहील, जादा कामास कामगाराची संमती लागेल, असे सांगण्यात आले. संमती कशी मिळविली जाते, हे दरवाजासभेत उभ्या राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. १९११ साली ज्या पायरीवर आपण होतो तो आकडा एकशे चौदा वर्षांनी पुन्हा कागदावर यावा, हे पाहून लोखंडे आणि जोशी यांची आठवण होणे स्वाभाविक आहे.

उलट दिशेने जावयाचे असेल तर वाट ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने १९७४ साली पगारी शैक्षणिक रजेचा ठराव केलेला आहे. कामगाराने नोकरीत असताना शिकावे आणि त्या काळात त्याचे वेतन चालू राहावे, हे त्याचे सूत्र. आपल्याकडे १९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले आणि त्याची मुख्य कचेरी नागपूरला ठेवली गेली; म्हणजे कल्पना आपल्याला परकी नाही. मागणीपत्रात पगारवाढीखाली या रजेचे एक कलम घालावयास काय हरकत आहे? आणि कायदा होईपर्यंत संघटनांनी आपल्या कचेऱ्या संध्याकाळी उघड्या ठेवाव्यात, तेथे चार पुस्तके, एक वर्तमानपत्र आणि एक शिकविणारा असावा. निवृत्तीला दहा वर्षे असतानाच प्रत्येक सभासदाच्या हाती कारखान्याबाहेरचे एखादे सार्वजनिक काम द्यावे. बी तेव्हाच पडले पाहिजे.

जे वाचक आज चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांना आमची विनंती आहे की आपल्या तरुणपणातला ‘मुरूड फंड’ कोणता होता, ते एकदा आठवून पाहावे. प्रत्येकाने कधी ना कधी काहीतरी हौसेने, फुकट, चारचौघांसाठी केलेले असते आणि संसाराच्या ओझ्याखाली ते राहून गेलेले असते. पुढची वाट बहुधा तेथूनच निघते. मात्र त्या वाटेने जावयास जो संध्याकाळचा तास लागतो, तो आपल्याला कोणी तरी मिळवून दिलेला आहे. तो स्वतः वापरावा, आणि शेजारच्या माणसालाही मिळेल असे पाहावे.